लाईट गेल्यावर वाजणारा फोन

शनिवारची सकाळ. हापिसचा लॅपटॉप बॅगेतून बाहेर काढलेला नाही, चहाचा दुसरा कप समोर आहे, आणि आजचा विषय आहे घरातला कॉर्डलेस फोन. हसू नका! परवा एका मित्राने विचारलं, "गावाकडे आई-बाबांसाठी कॉर्डलेस घ्यायचाय. तू इंजिनिअर माणूस, सांग कुठला घेऊ?" मी त्याला उलटा प्रश्न टाकला, "लाईट गेल्यावर फोनचं काय करणार?" त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मी थट्टा करत नव्हतो. या प्रश्नाचं उत्तर मला जरा महागात पडून मिळालंय, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचं घर जालन्यात. मी पुण्यात. घरी आई, बाबा आणि आजी. आजीचं वय ऐंशीच्या पुढे, कान बऱ्यापैकी, गुडघे अजिबात नाहीत. मोबाईल तिला दोनदा घेऊन दिला. एक धान्याच्या डब्यात सापडला आणि दुसरा तिने "बोट लावलं की भलतंच उघडतं" म्हणून परत केला. लँडलाईनवर मात्र तिचा जीव. नंबर तीस वर्षं तोच, सगळ्या गोतावळ्याला पाठ. फोन हॉलमध्ये, आजी आतल्या खोलीत. रिंग वाजली की ही उठून निघणार, आणि रिंग थांबायच्या आत पोचायचं म्हणून घाई करणार. दोन वर्षांपूर्वी अशाच घाईत पाय घसरून पडली. नशीब, मनगटावर निभावलं.

मग मी ठरवलं, आजीच्या उशाशी कॉर्डलेस पाहिजे. झालं! आठवडाभर परीक्षणं वाचली, तुलनेचा तक्ता केला. (सवय, दुसरं काय.) दोन हँडसेट, निळा उजेड असलेला स्क्रीन, शंभर-दीडशे नावांचं फोनबुक, उत्तर रेकॉर्ड करायची सोय, मोकळ्या जागेत ३०० मीटरची रेंज. मागवला, जालन्याला जाऊन स्वतः लावून दिला, सगळ्यांची नावं भरली. आजी खूश, मी त्याहून खूश.

पुढच्या जूनमधली गोष्ट. मृगाचा पहिला पाऊस वादळासकट आला आणि लाईट गेली. आई-बाबा लग्नासाठी अंबडला, आजी घरात एकटी. रात्री तिला गरगरायला लागलं, घाम फुटला. साखर उतरली होती, हे नंतर कळलं. तिने उशाशी असलेला हँडसेट उचलला. स्क्रीनला मस्त निळा उजेड. मी शिकवल्याप्रमाणे पहिलं बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी अक्षरं आली. दहा-पंधरा वेळा प्रयत्न केला. शेवटी खिडकीच्या गजावर पितळी तांब्या आपटून शेजारच्या काकूंना हाक दिली. त्या आल्या, गूळपाणी दिलं, बाबांना मोबाईलवरून कळवलं. निभावलं.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला तर आजी म्हणते कशी, "तुझा फोन चांगला हाये रे बाबा. मलाच नीट दाबता येईना. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय."

तिचं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं होतं माझं. गंमत म्हणजे घरात इन्व्हर्टर होता, चालूही होता. पंखा फिरत होता, ट्यूब पेटली होती. फक्त कॉर्डलेसचा बेस टीव्हीजवळच्या सॉकेटला लावला होता, आणि तो पॉइंट इन्व्हर्टरच्या लाईनवर नव्हता. हँडसेटमध्ये स्वतःची बॅटरी, म्हणून तो उजेड दाखवत होता. पण ज्याच्याशी बोलायचं तो बेसच मेलेला. बाबा शांतपणे एवढंच म्हणाले, "पूर्वी लाईट गेली तरी फोन चालायचा." चार वर्षं इंजिनिअरिंग शिकलेल्या माणसाला हे वाक्य फार लागतं हो.

पूर्वी चालायचा, कारण जुन्या तांब्याच्या लाईनवरचा साधा फोन आपली वीज वापरतच नव्हता. त्याला वीज एक्सचेंजकडून त्याच दोन तारांतून यायची, उणे ४८ व्होल्ट डीसी. रिंगच्या वेळी त्याच तारांवर ७५ व्होल्टच्या आसपास एसी यायचा. (रिंग चालू असताना ज्याने वायरी जोडल्यात त्याला तो झटका आठवत असेल!) एक्सचेंजमध्ये बॅटऱ्यांची रांग आणि जोडीला डिझेल जनरेटर. साधारण २००५ नंतरची काही वर्षं आठवा. मराठवाड्यातल्या खेड्यांत भारनियमन बारा-बारा तास असायचं. मी तेव्हा शाळेत होतो, कंदिलाच्या उजेडात गृहपाठ करायचो आणि कोपऱ्यातला फोन खणखणीत वाजायचा. आपल्याला कधी वाटलंच नाही की यात काही विशेष आहे.

कॉर्डलेस आला तेव्हा आपण म्हणालो, वायर गेली. वायर गेली नव्हती, जागा बदलली. फोनची वायर गेली आणि अडॅप्टरची आली. फोनला वीज पुरवायचं जे काम एक्सचेंज करत होतं, ते गुपचूप आपल्या घरावर येऊन पडलं. खोक्यावर ही गोष्ट मोठ्या अक्षरांत कुणी छापत नाही. आणि जोपर्यंत तांब्याची लाईन होती, तोपर्यंत एक साधा उपाय होता: कॉर्डलेसच्या जोडीला एक वायरचा फोन लावून ठेवायचा. लाईट गेली तरी तो चालतो.

आता तेही पुरत नाही. अनेक ठिकाणी तांबं जाऊन फायबर आलं, आमच्याकडेही आलं. फायबर म्हणजे काच. काचेतून उजेड जातो, वीज जात नाही. भिंतीवरची ती पांढरी डबी, जिला ओएनटी म्हणतात, तिच्या मागे टेलिफोनचं भोक असतं आणि आपला लँडलाईन तिथून चालतो. डबीची वीज गेली की त्या भोकाला लावलेला वायरचा फोनही मुका, कॉर्डलेसही मुका. म्हणजे आजीच्या त्या रात्री माळ्यावरचा जुना फोन काढून लावलेला असता तरी उपयोग नव्हता.

तर माझं मत असं. घरासाठी फोन निवडताना रेंज, कंपनी, रंग हे सगळं नंतर. आधी घरातल्या सगळ्यात वाईट तासाची कल्पना करा. रात्र आहे, पाऊस आहे, लाईट गेलीय आणि घरात एकटं म्हातारं माणूस आहे. त्या तासाला जो चालेल तो फोन चांगला. बाकीच्या तेवीस तासांसाठी कुठलाही चालतो.

"अरे, पण मोबाईल असताना लँडलाईन पाहिजे कशाला?" हा प्रश्न येणारच. माझ्या-तुमच्यासाठी नकोच. पण ज्या माणसाला मोबाईल चार्ज करायचा राहतो, चष्मा नसताना स्क्रीन दिसत नाही आणि जे नेहमी ठरलेल्या जागीच हात घालतं, त्याला ठरलेल्या जागचा फोन लागतो. शिवाय लाईट फार वेळ गेली की टॉवरच्या बॅटऱ्याही मान टाकतात. दोन वाटा असलेल्या बऱ्या.

आता पैसे कुठे घालायचे, ते माझ्या क्रमाने सांगतो.

पहिला खर्च फोनवर नाही, विजेवर. फायबरच्या डबीसाठी छोटा यूपीएस मिळतो, साधारण हजार-दीड हजारात. डबीच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात, बहुतेक वेळा १२ व्होल्ट. तेच बघून घ्या. यात एक मेख आहे. कॉर्डलेसच्या बेसचा अडॅप्टर बहुधा वेगळ्या व्होल्टेजचा असतो, म्हणून डबीचा यूपीएस त्याला चालेलच असं नाही. त्याच्यासाठी इन्व्हर्टरच्या लाईनवरचा पॉइंट लागतो. वायरमनला बोलावून एक सॉकेट इन्व्हर्टरवर घ्यायला सांगा, तासाभराचं काम आहे. बेसला जेमतेम दोन-तीन वॅट लागतात, इन्व्हर्टरला त्याचं ओझं नाही. डबी इन्व्हर्टरवर घेतलीत तर अजून एक बघा. मेनवरून बॅटरीवर जाताना क्षणभर वीज तुटते, तेवढ्यात डबी बंद होऊन पुन्हा सुरू होते आणि दोन-तीन मिनिटं फोन मिळत नाही. छोटा यूपीएस मध्ये असेल तर ही भानगड राहत नाही. मधल्या रस्त्यात फायबरला वीज लागत नाही, त्यामुळे पलीकडच्या टोकाला बॅकअप असला की काम झालं.

दुसरा खर्च, वायरचा एक साधा फोन. माळ्यावर असेल तर तोच पुसून घ्या. फक्त डायल फिरवायचा नको, बटणांचा हवा. याला वेगळी वीज लागत नाही, डबी जिवंत असली की हा जिवंत. कॉर्डलेस रुसला तरी हा असतो.

तिसरा खर्च कॉर्डलेस. इथे मग निवड करू.

पहिलं म्हणजे तंत्र. जुने अ‍ॅनालॉग कॉर्डलेस म्हणजे जवळजवळ छोटं रेडिओ स्टेशन. लहानपणी बदनापूरकडे मामाच्या गावात असाच एक लाँग रेंजवाला कॉर्डलेस पाहिला होता. घरावर बांबूला अँटेना, शेतातल्या वस्तीवर दुसरी अँटेना, मध्ये दोन-तीन किलोमीटर. तेव्हा आपल्याकडे असे फोन बरेच होते. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याप्रमाणे परवाना लागायचा, तो कुणाकडे असायचा हे विचारू नका. मामा त्यावरून मोसंबीचा भाव ठरवायचे आणि तेच बोलणं शेजारच्या वस्तीवर ऐकू जायचं. भाव पाडून मागणारे नेमके कसे टपकतात, हे मामांना बरेच दिवस कळलं नव्हतं :)

आता डेक्ट नावाचं डिजिटल तंत्र आहे. मूळचं युरोपातलं, तिथे ते १८८० ते १९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. फोन मोकळा चॅनल आपोआप शोधतो, बोलणं सांकेतिक करून पाठवायची सोय असते आणि वायफायशी टक्कर होत नाही. २.४ गिगाहर्ट्झवाला कॉर्डलेस मात्र टाळा. तिथे वायफाय, ब्ल्यूटूथ, मायक्रोवेव्ह अशी आधीच जत्रा भरलेली असते.

आणि अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकांना प्रेमाने सांगा की कॉर्डलेस आणू नका. तिकडचा डेक्ट १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतो. आपल्याकडे तो पट्टा मोबाईल कंपन्यांच्या २१०० च्या बँडमधला, म्हणजे आपला मोबाईल टॉवरशी बोलतो तो भाग. आपण घरात गप्पा मारायच्या आणि गल्लीतल्या टॉवरच्या कानात शिट्टी वाजायची. वर त्यांचा अडॅप्टर फक्त १२० व्होल्टचा असला तर आपल्या २३० वर पहिल्याच दिवशी धूर निघेल.

दुसरं म्हणजे रेंज. खोक्यावरचे ३०० मीटर मोकळ्या मैदानात. घरात ५० मीटर म्हणतात, आणि तेही भिंती बघून. आम्ही जालनेकर, सळईच्या गावचे! इथल्या रोलिंग मिलची सळई महाराष्ट्रभर जाते, मग घराच्या स्लॅबमध्ये आम्ही हात राखून कशी घालू? लोखंडाची जाळी रेडिओला अडवते. जुन्या जालन्यातल्या दोन-दोन फुटी भिंतींच्या वाड्यांतही तीच गत. म्हणून रेंजचे आकडे वाचण्यापेक्षा बेस कुठे ठेवता याला महत्त्व द्या. घराच्या मधोमध, उंचावर, लोखंडी कपाट आणि फ्रिजपासून लांब. आमचा बेस टीव्हीमागून काढून मधल्या पॅसेजमध्ये नेला, तर आधी मागच्या अंगणात न मिळणारा आवाज स्वच्छ मिळायला लागला. एक पैसा खर्च न होता.

तिसरं म्हणजे बॅटरी. बाजारात सहज मिळणाऱ्या ट्रिपल ए आकाराच्या निकेल मेटल हायड्राइड सेलवर चालणारा हँडसेट घ्या. दोन-तीन वर्षांनी सेल दमतात. तेव्हा खास आकाराचा पॅक लागत असेल तर तो जालन्यात शोधून दाखवा! आणि रिमोटचे साधे सेल चुकूनही त्यात घालू नका. ते चार्ज करायचे नसतात. गळतात, फुगतात.

चौथं, आणि मी ज्यात साफ नापास झालो ते. फोन वापरणार कोण? मी घेतलेला फोन माझ्यासाठी घेतला होता. शंभर नावांचं फोनबुक आजीला काय करायचंय? तिला चार माणसं पुरतात. तिला हवीत मोठी, वेगवेगळी दाबली जाणारी बटणं, मोठी रिंग, आवाज वाढवायचं बाहेरचं बटण आणि एका बटणावर एक माणूस. बेसवर हँडसेट शोधायचं बटण असतं, ते दाबलं की हरवलेला हँडसेट ओरडतो. ही मात्र फार उपयोगी सोय. दुसरा हँडसेट नंतर घ्यायचा असेल तर दोन्हीवर गॅप या मानकाचा उल्लेख आहे का बघा. असला तर वेगळ्या कंपनीचा हँडसेटही निदान बोलण्यापुरता जुळतो. आणि फोनबुक भरताना मोबाईल नंबरच्या आधी शून्य घालायला विसरू नका. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला शून्य लावावाच लागतो. जुने साठवलेले नंबर तसेच राहिले की "नंबर लागत नाही" ही तक्रार सुरू होते आणि बिचाऱ्या फोनला शिव्या बसतात.

सिमकार्ड घालायचे टेबल फोनही मिळतात. त्यांना आत बॅटरी असते, म्हणून पर्याय चांगला. पण आधी आमच्या घरातल्या दोन मढ्यांची गोष्ट ऐका. एक वॉकी आणि एक डब्ल्यूएलएलचा संच. दोन्ही सीडीएमएवर चालायचे. ती सेवा गेली आणि संच ठणठणीत असूनही रद्दीत निघाले. जो फोन एकाच जाळ्याला बांधलेला असतो, तो जाळ्याबरोबर जातो. आज सिमवाला घेणार असाल तर फक्त २जी वर चालणारा घेऊ नका. जिओचं तर २जी नाहीच, त्यात ते सिम चालणारच नाही. ४जी आणि व्होल्टे असलेला घ्या.

राहिली बिनतारी घंटा. ही एक छोटी गोष्ट मला कॉर्डलेसइतकीच मोलाची वाटते. दारावर लावतात ती वायरलेस बेल आजीच्या उशाशी ठेवायची आणि घंटेचा डबा आई-बाबांच्या खोलीत. नंबर नको, फोनबुक नको. बटण एक, अर्थ एक: ये. फक्त घंटेचा डबा सेलवर चालणारा घ्या, भिंतीतल्या सॉकेटवरचा नको. का, ते आता सांगायला नको.

हे सगळं केल्यावरही एक काम उरतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला टेस्टिंग म्हणतो आणि बहुतेक वेळा शेवटच्या दिवशी उरकतो. घरातला मेन स्विच बंद करा आणि बाहेरून घरच्या नंबरवर फोन लावा. वाजला पाहिजे. मग ज्याच्यासाठी फोन घेतलाय त्याच्या हातात द्या आणि अंधारात, चष्म्याशिवाय, तुम्हाला फोन लावायला सांगा. लागला पाहिजे. या दोन परीक्षा पास झाल्या नाहीत तर तो फोन शोभेचा समजा, मग त्याची रेंज कितीही असो. मी तक्त्यात अठरा रकाने केले होते. हा रकाना नव्हता.

शेजारच्या काकूंचा नंबर आता आजीच्या एक नंबरच्या बटणावर आहे. दोनवर बाबा, तीनवर आई. मी चौथा. आधी मला जरा वाईट वाटलं. पण मी चारशे... बरं, चारशे नाही, अडीचशे किलोमीटरवर बसून काय करणार होतो? गूळपाणी घेऊन येणारं माणूस पहिल्या बटणावर हवं. वायरच्या फोनजवळ १०८ मोठ्या आकड्यांत लिहून चिकटवलंय. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि लँडलाईनवरूनही लागते.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबा मेन स्विच बंद करतात आणि मी पुण्याहून फोन लावतो. मागच्या वेळी आजीने उचलला. म्हणाली, "कामून रे, लाईट घालवून फोन करायची ही कोणती तऱ्हा काढली?" मी म्हटलं, "आजी, आवाज नीट येतोय ना?" म्हणाली, "येतोय की. पण तू लवकर बोल, तुझ्या बापाला लाईट लावू दे, माझी मालिका चाललीय."

मित्राने अजून फोन घेतलेला नाही. पण वायरमनला बोलावलंय म्हणे. चांगली सुरुवात आहे.